उरलेल्या सुती तुकड्यांतून कपाखालची छोटी गोधडी

शर्टाचं तुटलेलं बटण लावण्यापलीकडे ज्यांनी सुई हातात धरलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. चहाचा मग आणि शेजारी दोन बिस्किटं मावतील एवढी, ६ बाय ८ इंचांची मॅट आपण शिवणार आहोत. मशीन लागणार नाही, बाजारातून फारसं काही आणावंही लागणार नाही. रोज संध्याकाळी थोडा वेळ बसलात तर आठवड्याच्या आत हातावेगळी होईल.

अशा मॅटची जी कृती सहसा सांगतात, तिच्यात आधी तुकडे एकमेकांना जोडून वरचा थर तयार करतात, मग वरचा थर, भरण आणि पाठ हे तिन्ही थर एकत्र शिवतात आणि शेवटी चारी बाजूंनी गोट, म्हणजे कडेवर दुमडून शिवलेली पट्टी, लावतात. गोटाचे कोपरे नीट बसवणं हे नवख्या हाताचं काम नाही. सगळं मनासारखं झाल्यावर नेमका शेवटच्या टप्प्यावर कोपरा फुगतो, आणि नव्याने शिकणारी व्यक्ती पुन्हा सुईच्या वाटेला जात नाही. गोधडीची एक जुनी पद्धत याच्या बरोबर उलट चालते. सुरुवात कडेपासून करायची, एकेक तुकडा ठेवत आणि शिवत आत सरकायचं आणि मध्यावर येऊन थांबायचं. कड पहिल्याच फेरीत पक्की होते, त्यामुळे गोटाची गरजच उरत नाही. तुकडे जोडणं आणि थर शिवणं ही दोन्ही कामं एकाच धावदोऱ्यात, म्हणजे खाली-वर जाणाऱ्या साध्या टाक्यांच्या सरळ ओळीत, होतात. पहिली मॅट याच पद्धतीने शिवावी, असं माझं ठाम मत आहे.

ही पद्धत आजही फार सुंदर जपली आहे ती उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायकांनी. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्यांतले बरेचसे पोर्तुगीजांच्या गोव्यातून घाट चढून या जंगलांत गेले. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. शिवणारी बाई एका कोपऱ्यातून सुरुवात करते आणि कडेकडेने फिरत मध्यापर्यंत येते. वरचे तुकडे आधी मांडून ठेवलेले नसतात, हाताला येईल तो रंग बघून पुढचा तुकडा लागतो. आपण तेच लहान मापात करणार आहोत.

कापड निवडताना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मॅट चांगली होणार की नाही, ते निम्मं इथेच ठरतं.

कापड सुती हवं, आणि शक्यतो वापरून, धुऊन मऊ झालेलं. जुनी सुती साडी, विरत आलेली चादर, कॉलर फाटलेला शर्ट, लहान झालेला झबल्याचा कपडा, परकराचं कापड, ओढणी, यांतलं काहीही चालेल. सुती कापड सांडलेला चहा टिपून घेतं, गरम कपाने त्याला काही होत नाही, त्याला दुमडलं की घडी बसते आणि सुई सहज आरपार जाते. जॉर्जेट, शिफॉन, नायलॉन दिसायला कितीही देखणं असलं तरी ते निसटतं, पाणी शोषत नाही आणि इस्त्री जरा तापली की आक्रसतं. टी-शर्टाचं होजिअरी कापड ताणलं जातं, म्हणून तेही नको. जीन्सचा तुकडा हाताने शिवताना बोटं दुखतात. साडीचे जरीचे काठ मोह पाडतात, पण जर टोचरी असते आणि सुईला अडते. एखादा छोटा तुकडा मध्यभागी घेतला तर चालेल, कडेला नको.

खणाच्या कापडाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण खणाचे तुकडे घरोघरी असतात. हल्ली मिळणाऱ्या बऱ्याच खणांत कृत्रिम धागा असतो. खात्री करायची असेल तर कापडाचे दोन-चार धागे उसवा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर, पंखा बंद करून, काडीने पेटवा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देत जळतो आणि त्याची मऊ, करडी राख होते, बोटाने दाबली की पूड. पॉलिस्टर असेल तर धागा वितळून गोळा होतो आणि थंड झाल्यावर तो मण्यासारखा कडक लागतो. मिश्र धाग्यात दोन्हीचं थोडं थोडं दिसतं. शिंप्याकडून कातरणं मागून आणलीत तर ही परीक्षा हटकून करा, कारण ब्लाउज आणि शर्टाच्या कातरणांत सुती किती आणि मिश्र किती हे डोळ्यांनी कळत नाही.

सगळे तुकडे आधी धुऊन घ्या. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, जुनं आटत नाही. दोन्ही एकत्र शिवून मग धुतलंत तर नवा तुकडा आखडतो आणि शेजारचा फुगतो. लाल, निळा, गडद हिरवा यांचा रंग जातो का तेही आत्ताच बघा: ओल्या तुकड्यावर पांढरा रुमाल ठेवून जोरात दाबा. रुमालाला रंग लागला तर तो तुकडा आणखी दोन-तीनदा धुवा. तरीही रंग सुटत असेल तर बाजूला ठेवा. ज्या मॅटवर रोज काहीतरी ओलं सांडणार, तिच्यात रंग सोडणारं कापड नकोच.

रंगांची जुळवाजुळव करताना एवढंच पाहा की गडद आणि फिके दोन्ही असावेत. सगळेच तुकडे मध्यम रंगाचे असले की मॅट लांबून एकसारखी दिसते. फुलाफुलांच्या कापडात एखादा चौकटीचा किंवा रेघांचा शर्टाचा तुकडा मिसळला की ती उठून दिसते.

बाकी सामान

पाठीच्या बाजूसाठी एकसंध सुती तुकडा, ७ बाय ९ इंच. मांजरपाट किंवा जुनी चादर उत्तम. आतल्या भरणासाठी जुन्या धोतराचे, पंचाचे किंवा चादरीचे दोन-तीन थर, नाहीतर बाळाच्या फ्लॅनेलच्या दुपट्याचा एक थर. भरण ६ बाय ८ इंचांपेक्षा केसभर कमीच कापा. जाड टर्किश टॉवेल पहिल्या वेळी टाळा, कारण इतक्या फेऱ्या त्यातून मारताना सुई रुतते. स्पंज किंवा फोम अजिबात घालू नका. तो ओला झाला की लवकर वाळत नाही आणि कप त्यावर डगमगतो.

दोरा म्हणून भरतकामाचा सुती दोरा घ्या. एक लडी ८ मीटरची आणि सहा पदरी असते. तीन-तीन पदर वेगळे केले की १६ मीटर दोरा झाला. या मॅटवरच्या सगळ्या फेऱ्यांची लांबी मिळून साधारण ५ मीटर भरते, त्यामुळे टाक्यांत आणि गाठींत जाणारा दोरा धरूनही एका लडीत दोन मॅट आरामात होतात. सुई भरतकामाची, ५ ते ७ नंबरची. हातसुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे दुकानात मागताना लक्षात असू द्या. याशिवाय कात्री, टाचण्या, पट्टी, खडू आणि इस्त्री. मधल्या बोटात घालायला अंगुस्तान मिळालं तर जरूर घ्या. पहिले दोन दिवस ते अडचणीचं वाटेल, पण थर जाड झाले की त्याच्याशिवाय सुई ढकलवत नाही.

मापं मी सुतात सांगणार आहे. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणून दोन सूत म्हणजे पाव इंच. पट्टीवरच्या इंचाच्या सर्वात लहान रेघा सोळा असतील तर दोन रेघा म्हणजे एक सूत.

पाठ आणि भरण तयार करणं

पाठीचा तुकडा धाग्यावर सरळ कापला गेला पाहिजे. तिरका गेला तर मॅट धुतल्यावर पिळवटते. जुन्या चादरीची कड वेडीवाकडी झालेली असते, म्हणून नुसत्या पट्टीवर विसंबू नका. कडेला कात्रीने छोटी चीर द्या, तिथला एक आडवा धागा सुईच्या टोकाने उचला आणि हळूहळू ओढा. तो निघून येतो तशी कापडात एक बारीक रिकामी रेघ उमटत जाते. त्या रेघेवर कात्री चालवली की कड अगदी सरळ येते. धागा मध्येच तुटला तर रेघ जिथे संपते तिथपर्यंत कापून पुढचा धागा धरा.

पाठीचा तुकडा उलट बाजू वर करून पसरा. त्यावर भरण मधोमध ठेवा, चारी बाजूंना अर्धा अर्धा इंच पाठ उरेल. कोपऱ्याचं टोक आधी तिरकं आत दुमडा, मग दोन्ही बाजू भरणावर घ्या. कोपऱ्यात जाडी फार होत असेल तर टोकाचा छोटा त्रिकोण कापून टाका. चारी बाजू अशा दुमडून इस्त्री फिरवा आणि कडेने मोठे मोठे कच्चे टाके घाला. शिवाय एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत अशा दोन तिरक्या ओळी कच्च्या टाक्यांच्या घाला, म्हणजे भरण आतल्या आत सरकणार नाही. कच्च्या टाक्यांना वेगळ्या, उठून दिसणाऱ्या रंगाचा दोरा वापरा, शेवटी तो ओढून काढायचा आहे.

पहिली फेरी

वरचे तुकडे कापताना एकच नियम: कडेपासून आत जाणारी खोली अडीच इंच हवीच. रुंदी २ ते ४ इंच, जशी हाताला येईल तशी. सगळे एकाच मापाचे केलेत तर फरशीसारखं दिसेल, म्हणून मी लहानमोठेच घेते. दहा-बारा तुकडे जवळ ठेवा. कोपऱ्यांत कापडाची फुलं हवी असतील तर तीही याच फेरीत शिवायची असतात, म्हणून ‘कोपऱ्यांची फुलं’ हा पुढचा भाग आधी वाचून घ्या.

मॅट टेबलावर किंवा पाटावर ठेवा. मांडीवर घेऊन शिवायचा मोह होतो, पण खालचा टाका नकळत कुर्त्यात जातो आणि अख्खी ओळ उसवावी लागते. उजव्या हाताने शिवत असाल तर तुमच्याजवळच्या बाजूचा उजवा कोपरा ही सुरुवात. डावखुऱ्यांनी डावा कोपरा धरावा आणि पुढे सगळं आरशातल्यासारखं उलटं करावं.

पहिल्या तुकड्याच्या दोन बाजू, खालची आणि उजवी, पाव इंच आत दुमडा. नखाने दाबून किंवा इस्त्रीने घडी बसवा. तो कोपऱ्यावर असा ठेवा की त्याच्या घड्या पाठीच्या घडीशी तंतोतंत जुळतील. भरण आणि पाठीची दुमडलेली चिरी (कापलेली कड) दोन्ही त्याखाली झाकली गेली पाहिजेत. दोऱ्याला गाठ मारा आणि सुई दोन घड्यांच्या मधून वर काढा, म्हणजे गाठ आतच लपते. आता कडेपासून एक सूत आत राहून उजवीकडून डावीकडे धावदोरा घालायला लागा.

पहिला तुकडा संपायला अर्धा-पाऊण इंच उरला की थांबा. दुसऱ्या तुकड्याच्या खालची आणि उजवी बाजू दुमडा आणि त्याची उजवी घडी पहिल्या तुकड्याच्या मोकळ्या कडेवर अर्धा इंच चढेल अशी ठेवा. कौलांसारखं एकावर एक. त्याने पहिल्या तुकड्याचे सुटे धागे झाकले जातात. टाचणी लावा आणि टाके पुढे न्या. तिसरा दुसऱ्यावर, चौथा तिसऱ्यावर, असं कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्याच्या तुकड्याच्या तीन बाजू दुमडायच्या: मागच्यावर चढणारी, खालची आणि बाहेरची. कोपऱ्यात आलात की शेवटचा टाका कडेपासून एक सूत आत संपवा, मॅट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वळवा, म्हणजे पुढची बाजू तुमच्यासमोर येईल आणि कोपरा पुन्हा उजव्या हाताला.

फेरी पुरी होताना शेवटचा तुकडा पहिल्याला भेटतो. त्याच्याही तीन बाजू दुमडा, म्हणजे तो दोन्ही शेजाऱ्यांवर चढून बसेल. जागा कमी उरली असेल तर आधी ठेवून माप बघा आणि मगच कापा.

टाक्याबद्दल आता. एका इंचात चार टाके आले तरी पुष्कळ आहे. टाका लहान असण्यापेक्षा वरचा टाका आणि मधली मोकळी जागा सारखी असणं महत्त्वाचं. सुई एकेका टाक्याला ओढून काढू नका. टोक खाली घाला, खालच्या हाताच्या बोटाला ते जेमतेम लागलं की वर वळवा, पुन्हा खाली, असे तीन-चार टाके सुईवर घेऊन मग दोरा ओढा. खालच्या बोटाला सुई लागली नाही तर टाका पाठीपर्यंत पोहोचलेला नाही, तो फक्त भरणात अडकलाय. दर दोन-तीन इंचांनी मॅट उलटून पाठ बघत जा. दोरा ओढताना कापडाला चुणी पडेपर्यंत ओढू नका. ओळ संपली की अंगठ्याने टाक्यांवरून हात फिरवून कापड मोकळं करा.

दोरा दोन-सव्वादोन हातांपेक्षा लांब घेऊ नका, त्यापेक्षा लांब घेतला की गुंततो आणि कापडातून जाता-येता विरतो. संपत आला की एकाच जागी दोन बारीक टाके घ्या, सुई थरांच्या मधून इंचभर पुढे काढा आणि तिथे दोरा कापा. नवा दोरा आधीसारखाच, गाठ आत ओढून.

आतल्या फेऱ्या आणि मधला तुकडा

सुरुवातीच्या कोपऱ्याला परत आलात की दोरा तोडायचा नाही. दोन सूत आत सरका आणि पहिल्या ओळीला समांतर तशीच दुसरी फेरी. मग तिसरी. फेऱ्या आखून घ्याव्या असं वाटलं तर खडूने आखा, पण दोन-तीन ओळींनंतर डोळ्यालाच अंतर कळायला लागतं. दोन तुकडे जिथे एकमेकांवर चढतात तिथली घडी या आडव्या फेऱ्यांनीच धरली जाते, म्हणून तिथे टाका घडीच्या अलीकडे-पलीकडे नीट पडतोय ना ते पाहा.

कापड आत सरकवत शिवत असल्यामुळे मध्यभागी थोडा फुगा येतो. तो वाढू द्यायचा नाही. प्रत्येक फेरीनंतर तळहाताने कडेकडून मध्याकडे कापड सारखं करा आणि तुकड्यांच्या आतल्या कडा टाचण्यांनी पाठीशी पकडून ठेवा.

सात फेऱ्या झाल्या की मध्ये एक मोकळी खिडकी उरते, साधारण दीड बाय साडेतीन इंच. तिच्यासाठी ३ बाय ५ इंचांचा तुकडा कापा, चारी बाजू पाव इंच दुमडा आणि मधोमध ठेवा. तो सगळ्या तुकड्यांच्या आतल्या कडांवर अर्धा इंच चढतो. तुमच्याकडचा सगळ्यात आवडता तुकडा इथे लावा, कारण कप उचलला की नजर तिथेच जाते. बाहेरच्या तुकड्याची एखादी चिरी बाहेर डोकावत असेल तर कात्रीने छाटा आणि मगच टाचण्या लावा. आठवी फेरी या तुकड्याच्या घडीपासून एक सूत आत येईल. तिथून पुढे फेऱ्या लहान होत जातात आणि काम भराभर सरतं. शेवटची ओळ मध्यावर दोन बारीक टाक्यांनी बंद करा आणि दोरा थरांत लपवा.

कच्चे टाके ओढून काढा. पाठीच्या बाजूने, ओलसर रुमाल ठेवून इस्त्री करा.

कोपऱ्यांची फुलं

सिद्दी बायका कवंदीच्या चारही कोपऱ्यांत कापडाच्या छोट्या त्रिकोणी घड्या बसवतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलांशिवाय कवंदी त्या पुरी मानत नाहीत. मॅटलाही ती शोभतात. दोन इंचांचा चौकोन तिरका दुमडा, पुन्हा एकदा तिरका दुमडा. उघडी बाजू पाठ आणि वरचा तुकडा यांच्यामध्ये सरकवून, टोक कोपऱ्याबाहेर राहील असं पहिल्या फेरीतच शिवायचं. नंतर घालता येत नाही. त्यामुळे फुलं हवीत की नकोत हे कोपऱ्याला पोहोचण्याआधी ठरवा. इथे थर बरेच होतात, म्हणून फुलासाठी अगदी पातळ कापड घ्या आणि कोपऱ्यातले दोन-तीन टाके सुई सरळ खाली, सरळ वर करून एकेक घ्या.

वापर आणि धुणं

ही मॅट चहा-कॉफीच्या मगसाठी आहे. गॅसवरून उतरवलेलं पातेलं किंवा तवा हिच्यावर ठेवू नका, त्याला इतके थर पुरत नाहीत. पॉलिश केलेल्या लाकडी टेबलावर गरम कपाने जो पांढुरका डाग पडतो, तो हिच्यामुळे टळतो, मात्र मॅट ओली झाली असेल तर ती तशीच टेबलावर राहू देऊ नका.

चहा सांडला की लगेच गार पाण्यात बुडवा, वाळू दिलात तर डाग राहतो. एरवी साध्या साबणाने हातावर धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत आडवी वाळवा. पहिल्या धुण्यानंतर टाक्यांच्या मधलं कापड किंचित वर येतं आणि बारीक सुरकुत्या पडतात. गोधडीला गोधडीपण येतं ते यानेच, तेव्हा त्या इस्त्रीने घालवत बसू नका.

फक्त स्टीलच्या ग्लासासाठी मॅट हवी असेल तर ५ इंचांचा चौकोन घ्या. पाठ ६ इंचांची, कडेच्या तुकड्यांची खोली दोन इंच आणि मधला तुकडा ३ इंचांचा चौकोन. फेऱ्या तशाच दोन-दोन सुतांवर, मधला तुकडा मात्र पाच फेऱ्यांनंतर लावायचा. एखादा तुकडा वापरून विरला तर मॅट टाकू नका. त्याच्यापेक्षा अर्धा इंच मोठा नवा तुकडा चारी बाजूंनी दुमडून त्यावर ठेवा आणि जुन्या फेऱ्यांच्याच रेषेत धावदोरा घाला.